चावीचे पशुपक्षी

चावी देऊन जमिनीवर सोडला की खर्रर्र आवाज करीत उड्या मारणारा पत्र्याचा बेडूक ज्याने कधी पाहिला नाही असा वाचक विरळाच असेल. परंतु त्याच्या पोटात काय असते हे फार थोड्यांस ठाऊक असते. आणि ते तेथे कोठून व कसे आले हे सांगणारा तर क्वचितच भेटतो. इतिहासकारांनी तोफांचा इतिहास लिहिला, घड्याळांचा लिहिला, वाफेच्या यंत्रांवर तर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले. बेडकाच्या वाट्यास मात्र जुन्या खेळण्यांचा संग्रह करणाऱ्यांनी केलेल्या किमतींच्या याद्या तेवढ्या आल्या. वस्तुतः या क्षुद्र प्राण्याची वंशावळ राजेरजवाड्यांच्या दरबारापर्यंत जाऊन भिडते. ती उलगडू लागले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. ती ही, की त्याचे बहुतेक पूर्वज लबाड होते.

हे विधान कोणास अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून आपल्याच घरातील दाखले आधी घेऊ. उज्जयिनीच्या चंडमहासेनाने वत्सराज उदयनास पकडले ते कशाच्या साह्याने? उदयनास हत्तींचे वेड होते हे हेरून अरण्यात एक कृत्रिम हत्ती उभा करण्यात आला, आणि त्याच्या पोटात शस्त्रधारी वीर लपविण्यात आले. कथासरित्सागरात हा यंत्रगज आहे. भासाच्या प्रतिज्ञायौगंधरायणाची उभारणीही याच कपटावर झाली आहे. पंचतंत्रातील कोष्ट्याची गोष्ट तर सर्वांच्या परिचयाची आहे. राजकन्येवर लुब्ध झालेल्या त्या कोष्ट्यास त्याचा सुतार मित्र लाकडाचा गरुड करून देतो, आणि हा पठ्ठ्या त्यावर बसून साक्षात विष्णू म्हणून राजवाड्याच्या गच्चीवर उतरतो! ग्रीकांचा ट्रॉयनगरीतील घोडा याच जातीचा. कथेतील यंत्रपशू हा बहुधा कोणास तरी फसविण्यासाठीच जन्मास येतो. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या समरांगणसूत्रधार या अकराव्या शतकातील ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. पण त्यात यंत्रे जोडावी कशी हे सांगितलेले नाही. ते सांगितले नाही याचे कारण अज्ञान नसून गुप्तता हे आहे, असे ग्रंथकार स्वतःच नमूद करतो. यंत्राची कळ उघड झाली की त्यातील गोडी संपते, ही त्याची समजूत. हे वाचताना माझ्यासारख्या मास्तरी पेशातील माणसास थोडा रागच येतो. परंतु दरबारी विद्येचा तो सार्वत्रिक स्वभाव होता हे मान्य केले पाहिजे.

मुलांच्या हाती त्या काळी निराळी वस्तू होती, आणि ती अगदी सरळ होती. मोहेंजोदडो येथे मातीचे असे बैल सापडले आहेत, की ज्यांचे डोके वेगळे घडवून दोरीने हलते केलेले असे. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेले काशाचे हत्ती, गेंडा आणि रेडा चाकांवर उभे आहेत. ते पूजेतील होते की आणखी कशातील याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण चाकांवरचा प्राणी ही कल्पना या भूमीस किती जुनी आहे हे त्यांवरून कळते. विदर्भात तान्ह्या पोळ्यास मुले चाकांचा लाकडी बैल दोरीने ओढीत नेतात, तो त्याच कुळातील म्हणावा. या सर्वांत फसवणूक मुळीच नाही. मूल ओढते म्हणून बैल चालतो, हे मुलासही ठाऊक असते आणि बघणाऱ्यासही. त्यात उणीव एकच. मुलाने दोरी सोडली की बैल मेला! आपल्यावाचून तो पाऊलही टाकीत नाही. ज्यात स्वतःचा जीव आहे असे वाटावे, आणि तरी ज्यात लबाडी नसावी, असा पशू मुलांस मिळावयास पुष्कळ शतके जावी लागली.

मधल्या काळात युरोपातील कारागिरांनी राजांची करमणूक केली. लिओनार्दो द व्हिंची याने फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्या सन्मानार्थ एक सिंह केला होता. तो काही पावले चालून येई, मग त्याची छाती उघडे आणि आतून फ्रान्सचे राजचिन्ह असलेली कमळासारखी फुले दिसत. तो सिंह आज उरलेला नाही. परंतु या परंपरेचा खरा मुकुटमणी म्हणजे जाक द व्होकाँसाँ या फ्रेंच यंत्रज्ञाचे बदक. १७३९ साली पॅरिसमध्ये ते प्रथम लोकांपुढे आले. मुलामा दिलेल्या तांब्याचे हे बदक पंख फडफडवी, पाणी पिई, मान लांबवून हातातील दाणे खाई, आणि थोड्या वेळाने (वाचकांनी क्षमा करावी) विष्ठाही टाकी. दाणे पोटात विरघळून नळीवाटे बाहेर येतात, असे त्याचा निर्माता सांगे. त्याची आणखी एक प्रौढी अशी, की आपण काहीच झाकून ठेवलेले नाही. बदकाचे अंग मुद्दाम ठिकठिकाणी उघडे ठेवले होते. ज्या मोठ्या बैठकीवर ते उभे होते तिच्यातील यंत्रही प्रेक्षकांस पाहता येई.

आणि नेमके येथेच पाणी मुरत होते. पुढच्या शतकात प्रसिद्ध जादूगार रोबेर-उदां याने लिहून ठेवले, की हे पचन म्हणजे शुद्ध हातचलाखी आहे. खाल्लेले दाणे आत एकीकडे साठत, आणि दुसरीकडे आधीच भरून ठेवलेला हिरवट रंगाचा लगदा बाहेर पडे. जादूगाराने शास्त्रज्ञाची लबाडी पकडावी, हा प्रसंग मोठा मौजेचा आहे. तत्पूर्वी १८०५ साली जर्मन कवी गटे याने हे बदक पाहिले, तेव्हा त्याची पार दैना झाली होती. अंगावरचे आवरण गेलेले, केवळ सांगाडा उरलेला. दाणे ते अजून खाई, पण पचविण्याचे सोंग आता त्यास जमत नव्हते.

व्होकाँसाँ हा ठक होता असे मात्र कोणी समजू नये. त्याचा बासरीवादक खरोखर बासरी वाजवीत असे, आणि रेशमाच्या मागावर त्याने पुढे केलेले काम जाकारसारख्यांस उपयोगी पडले. माझे म्हणणे निराळे आहे. ज्याला संपूर्ण प्राणी करावयाचा आहे, त्याला केव्हा तरी खोटे बोलावेच लागते. प्राणी खातो, पचवितो, वाढतो, मरतो. चाकांनी हे सर्व होणार कोठून? बदकातील चाके जितकी वाढली तितके ते बदकापासून दूर गेले. हा धडा शिकण्यास कारागिरांस आणखी शंभर वर्षे लागली, आणि तो त्यांस शिकविला तो गरिबीने. पण तिकडे जाण्यापूर्वी यंत्रास जीव देणारी जी वस्तू, तिचा विचार केला पाहिजे.

ती वस्तू म्हणजे कमान. घड्याळाच्या पोटात वळकटी करून बसविलेली पोलादाची लांब पट्टी असते, तीच. पूर्वीची मोठी यंत्रे लोंबत्या वजनावर चालत. त्यांस उंच मनोरा अथवा भरभक्कम बैठक लागे. पंधराव्या शतकात वजनाच्या जागी कमान आली आणि काळ माणसाच्या खिशात मावू लागला. न्यूरेंबर्ग शहरातील पेटर हेनलाइन या कुलूपकऱ्याचे नाव लहान घड्याळांच्या आरंभीच्या कारागिरांत घेतले जाते. खेळण्यांची राजधानी पुढे जी झाली ती हीच नगरी, हे ध्यानात ठेवावे. जपानात पोलाद सुलभ नव्हते, तेथे कारागिरांनी देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्टी कापून तिची कमान केली आणि चहा आणून देणाऱ्या बाहुल्या चालविल्या. यंत्रास प्राण्यानेच प्राण दिला म्हणावयाचे! या बाहुल्यांची रचना चित्रांसह सांगणारा ‘काराकुरी झुई’ हा ग्रंथ १७९६ साली छापून प्रसिद्ध झाला. भोजराजाने जे झाकले तसले ज्ञान तेथे उघड्यावर आले.

कमानीस एक खोड आहे. पूर्ण गुंडाळलेली असता ती जोराने ओढते. उलगडत जाते तसतसा तिचा जोर ओसरतो. घड्याळजीस ही खोड प्राणघातक, कारण सकाळचा तास मोठा आणि रात्रीचा लहान होऊन कसे चालेल? म्हणून त्यांनी शंकूच्या आकाराची रिळे बसविली, त्यांवर साखळी गुंडाळली, आणि कमानीचा लहरी जोर सारखा करण्यासाठी बुद्धी खर्च केली. लंडनच्या जेम्स कॉक्स या जवाहिऱ्याने चीनच्या दरबारात खपविण्यासाठी जी रत्नजडित यंत्रे करविली, ती या घड्याळी विद्येचा कळस होत. मेर्लिन या कुशल यंत्रज्ञाचा हात लागलेला त्याचा चांदीचा हंस १७७३ साली लंडनमध्ये प्रदर्शनात होता. काचेच्या फिरत्या कांड्यांच्या ‘पाण्या’वर बसून तो मान वळवितो, पिसे साफ करतो आणि चिमुकला चांदीचा मासा टिपतो. त्याच्या पोटाखाली तीन स्वतंत्र यंत्रे आहेत आणि सारा खेळ मिनिटाच्या आत संपतो. आज तो इंग्लंडमधील बोज संग्रहालयात आहे. तो देखणा आहे यात शंका नाही. पण मुलाने त्यास हात लावला तर पहारेकरी धावत येईल.

आता मुलाच्या हातात देण्याजोगा प्राणी करावयाचा आहे असे समजा. किंमत इतकी, की साधारण कारकुनाने पोरासाठी घरी न्यावा. चाके चार-पाच, फार तर सहा. तो फरशीवर आपटणार, पलंगाखाली जाणार, पाण्यात पडणार. एवढ्यात प्राणी बसवावा कसा? न्यूरेंबर्ग, ब्रांडेनबुर्ग आणि पॅरिस येथील खेळणी करणाऱ्यांनी याचे जे उत्तर काढले ते मला व्होकाँसाँच्या बदकापेक्षा अधिक बुद्धीचे वाटते. त्यांनी प्राणी करण्याचा नाद सोडला आणि त्याची एक लकब तेवढी घेतली.

बेडकाचे काय घ्यावे? त्याचे पोहणे नको, जीभ नको, ओरडणे नको. बेडूक स्तब्ध असतो आणि एकाएकी उडतो, एवढेच घ्यावे. त्यासाठी एक साधी युक्ती पुरते. फिरत्या आसावर गोल चाक न बसविता एका बाजूस हळूहळू फुगत जाणारे आणि मग एकदम कडा तुटल्यासारखे खाली येणारे चाक बसवावे. त्याच्या कडेवर पायाची दांडी टेकलेली असते. चाक फिरू लागले की दांडी सावकाश उचलली जाते. हा बेडकाचा दबा. कड संपताच ती झटक्यात सुटते, पाय जमिनीस लाथ मारतात, ही उडी. प्राण्याचा सगळा स्वभाव त्या एका चाकाच्या कडेत कोरलेला असतो. तीच कड दोन्हीकडे सारखी उतरती केली तर बेडूक नाहीसा होऊन त्याचे डुलणारे कासव होईल. दाणे टिपणाऱ्या पक्ष्याचेही असेच. त्याची चोच हलविण्याचे कारणच नाही. पाय मागून उचलला की सबंध शरीर पुढे कलते, चोच जमिनीस लागते, वजन परत मागे येते आणि या डोलण्यात पक्षी इंचभर पुढे सरकलेला असतो. चार पायांवर चालणारा पशू सर्वांत अवघड, कारण एक पाय उचलला की तोल गेलाच. तेथे काहींनी तळव्यांत एकाच दिशेने फिरणारी बारीक चाके लपविली. पाय उचलतच नाहीत, पुढे घसरतात आणि मागे रुततात. पाहणाऱ्यास वाटते अस्वल चालले.

चावी फिरविताना जी टकटक होते ती दात्यांवरून घसरणाऱ्या खटक्याची. तो नसता तर बोटे काढताच चावी गर्रकन उलटी फिरली असती. आणि चालताना जी खर्रर्र होते तिचे कारण असे, की कमानीचा सारा जोर एकाच क्षणी निघून जाऊ नये म्हणून शेवटच्या चाकाच्या दात्यांवर एक लहानशी पाकळी इकडून तिकडे आपटत ठेवलेली असते. घड्याळाच्या लंबकाची ही गरीब भाचीच म्हणा ना! वेळ अचूक दाखविण्याचे तिच्यावर बंधन नाही. तिने केवळ घाई थोपवावयाची.

कमानीच्या खोडीचे काय? ती काढण्यास खेळणी करणाऱ्यांपाशी पैसा नव्हता. शंकूची रिळे आणि साखळ्या त्यांस परवडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी ती खोड तशीच राहू दिली. आणि गंमत पाहा: चावी दिलेला उंदीर प्रथम सुसाट धावतो, मग त्याचा वेग मंदावतो, मग तो अडखळतो, थांबतो, आणि थांबला असे वाटत असतानाच आणखी एक पाऊल टाकतो. तो दमतो! कॉक्सचा हंस आरंभापासून अखेरपर्यंत एकाच राजेशाही गतीने हलतो, म्हणून तो यंत्र भासतो. सवंग उंदीर थकतो, म्हणून तो जिवंत भासतो. जो दोष घालविण्यासाठी घड्याळजींनी कित्येक पिढ्या घालविल्या तो येथे गुण होऊन बसला. मुले अशा वेळी खेळण्याजवळ ओणवी होऊन ‘दमला, दमला’ असे हळूच म्हणतात, हे कोणत्याही घरात पाहावयास मिळेल.

हा प्राणी स्वस्त झाला तो पत्र्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कथलाचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा मुबलक झाला. साच्यात दाबून त्याचे अर्धे अर्धे अंग काढता येऊ लागले. प्रथम तुकडे डाग देऊन जोडीत आणि बाया हाताने रंगवीत. १८७५ साली रॉबर्ट बार्कले याने इंग्लंडात पत्र्यावर रंगीत छपाई करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. ती पद्धत रूढ झाल्यावर डोळे, केस, खोगीर, पट्टे सपाट पत्र्यावरच छापून मग तो साच्यात घालू लागले. कडेस ठेवलेल्या जिभा दुसऱ्या तुकड्याच्या फटींत घालून वळविल्या की डाग देण्याचेही काम उरले नाही. न्यूरेंबर्गच्या बिंग बंधूंचा कारखाना या धंद्यात विसाव्या शतकाच्या आरंभी जगात अग्रगण्य ठरला. पॅरिसचे रूले आणि देकां प्राण्यांस खरी कातडी चढवीत. त्यांचा माल श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जाई. ब्रांडेनबुर्ग येथे एर्न्स्ट पाउल लेमान याने १८८१ साली कारखाना काढला. त्याचे अडेलतट्टू गाढव मला या सर्वांत श्रेष्ठ वाटते. विदूषक गाडी हाकतो आहे, गाढव थोडे पुढे जाते, अडते, उलटे फिरते, पाय झाडते आणि विदूषक जागच्या जागी उसळतो. यंत्राने मुकाट हुकूम पाळावा ही सर्वांची अपेक्षा. येथे यंत्रानेच हुकूम मोडण्याचे सोंग घेतले आहे.

स्वस्ताईची किंमत कोणी तरी भरतोच. शेजारच्या थुरिंगिया प्रांतात, सोनेबर्गच्या आसपास, बाहुल्या व इतर खेळणी घरोघर तयार होत, आणि त्या कामास आईबापांबरोबर लहान मुलेही रात्री उशिरापर्यंत जुंपलेली असत. जगातील मुलांच्या नाताळासाठी ही मुले जागत होती. खेळण्यांच्या सुंदर चित्रांच्या पुस्तकांत हे पान सहसा नसते.

मी प्रारंभी लबाड पूर्वजांविषयी बोललो, त्याचा संबंध आता स्पष्ट होईल. या पत्र्याच्या प्राण्यांच्या कुशीत चावी बाहेर आलेली असते. ती लपविण्याचा प्रयत्न कोणी करीत नाही. व्होकाँसाँने सर्व उघडे दाखविण्याचा आव आणून मर्म झाकले. न्यूरेंबर्गच्या कारागिराने मर्म मुलाच्या मुठीत दिले. बेडूक जिवंत नाही हे मुलास पक्के ठाऊक असते, कारण त्यात जीव त्यानेच आत्ताच भरला आहे. तरीही तो उडाला की ते दचकते. हे दचकणे फसलेल्या माणसाचे नव्हे. आणि दोन-चार महिन्यांनी ते मूल जिभा सरळ करून बेडूक उघडते, आत पाहते, कमान सपकन बाहेर येते आणि बोटास लागते. घरातील वडीलधारी मंडळी अशा वेळी ‘मोडलास ना?’ म्हणून रागावतात. माझ्या मते मात्र भोजराजाने जो अध्याय झाकून ठेवला होता तो त्या क्षणी उघडला जात असतो.

न्यूरेंबर्गच्या या विद्येचा पुढचा इतिहास सुखाचा नाही. बिंग बंधूंचा व्यवहार १९३२ च्या सुमारास कोलमडला. पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले. या धंद्यातील कित्येक प्रमुख कुटुंबे ज्यू होती. बिंग घराण्यातील श्टेफान बिंग यास इंग्लंड गाठावे लागले. नाचरे उंदीर आणि दाणे टिपणारा पक्षी यांसाठी प्रसिद्ध असलेल्या श्रायर कंपनीतील, म्हणजे जिच्या मालावर ‘शूको’ हे नाव असे तिच्यातील, भागीदार आडोल्फ कान यासही देश सोडावा लागला. मग युद्ध आले आणि खेळण्यांच्या साच्यांखाली युद्धसामग्री दाबली जाऊ लागली. युद्धानंतर लेमानचा ब्रांडेनबुर्ग येथील कारखाना पूर्व जर्मनीच्या सरकारने ताब्यात घेतला. मालकांनी न्यूरेंबर्गला येऊन नव्याने आरंभ केला. जपानात पराभवानंतर पहिली पत्र्याची खेळणी अमेरिकन सैनिकांच्या रिकाम्या डब्यांतून निघाली. १९४७ ते १९५२ या काळात बाहेर जाणाऱ्या जपानी मालावर ‘व्याप्त जपान’ असा शिक्का असे. लहानशा कोंबडीच्या पोटाखाली असा शिक्का वाचताना मन क्षणभर थबकते. पुढे पत्रा जाऊन प्लास्टिक आले, चावीच्या जागी विजेचा घट आला, आणि बेडकास दमणे ठाऊक नाहीसे झाले. घट संपेतो तो सारखाच उडतो.

न्यूरेंबर्ग सोडून गेलेल्यांत टिप कंपनीचा मालक फिलिप उल्मान हाही होता. पत्र्याच्या खेळण्यांचा मोठा कारखाना मागे टाकून तो इंग्लंडात आला आणि १९३३ साली नॉर्दॅम्प्टन येथे त्याने ‘मेटॉय’ ही कंपनी काढली. युद्धानंतर तिचा मोठा कारखाना वेल्समधील स्वान्सी येथे उभा राहिला, आणि १९५६ साली तेथून ओतीव धातूच्या चिमुकल्या मोटारी निघू लागल्या. त्यांस नाव दिले ते वेल्समधील आखूड पायांच्या कुत्र्याचे, ‘कॉर्गी’. त्याचे चित्रही पेटीवर असे. आरंभीच्या काही नमुन्यांत चालण्याचे यंत्र बसविले होते, पण ते काही वर्षांतच सोडून देण्यात आले. पुढच्या मोटारी पोटातून रिकाम्याच होत्या, आणि मुले त्या हाताने ढकलीत.